झोळ

टॉवरच्या पायाला ॲल्युमिनियमच्या तारेचा हातभर तुकडा सुतळीने टांगला होता. त्याच्या पोटातली पोलादी तार काढून तिथे थर्मामीटर खुपसलेला. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या पलीकडची, फेब्रुवारीतली सकाळ. शेजारच्या फडात ऊसतोड चालू होती. साइट इंजिनिअर, नांदेडकडचा पंचविशीतला मुलगा, थोड्या थोड्या वेळाने वाकून पारा बघायचा आणि वहीत चिकटवलेल्या तक्त्यावरून बोट फिरवायचा. शेवटी तो वॉकीटॉकीवर बोलला, "अठ्ठाईस का चार्ट लगाओ."

तारेचा ताप बघतोय की काय, असं मी गमतीने विचारलं. तो हसला नाही. "तसंच आहे सर. आज अठ्ठावीस अंशाला जेवढी सोडू, तेवढ्यावर ती पुढची चाळीस वर्षं लटकणार."

चारशे मीटरवर पुढचा टॉवर होता. त्यावर तार जिथे टांगली होती तिथून अकरा मीटर खाली मोजून एक रंगवलेली फळी बांधली होती. अलीकडच्या टॉवरवरही तेवढ्याच खाली तशीच फळी, आणि तिच्यामागे दुर्बीण लावून बसलेला एक माणूस. दोन्ही टॉवर सारख्या पातळीवर असले की या फळीपासून त्या फळीपर्यंत नजरेची सरळ रेघ पडते. वरून लोंबणाऱ्या तारेचं पोट त्या रेघेला अलगद टेकलं की काम झालं. तार अजून रोलरवर होती, तिचं टोक लांब कुठेतरी विंचच्या तोंडात. दुर्बीणवाला फोरमन बंगालमधल्या मालद्याचा. तो पोट दिसेल तसा ओरडत होता, "ढील दो... ढील... थोडा और... बस, बस!"

पतंग उडवणाऱ्यांचाच शब्द. अतिउच्चदाबाची लाईन उभारणं म्हणजे तारा ताणणं, अशी माझी समजूत होती. मोहोळच्या त्या बांधावर ती सुटली. खरी विद्या तार किती सैल सोडायची याची आहे. या सैलपणाला इंजिनिअर सॅग म्हणतात, आपल्याकडे त्याला झोळ म्हणतात. (झोल वेगळा. तोही या धंद्यात कुठे कुठे सापडतो असं ऐकतो, पण तो आजचा विषय नाही.)

तार सरळ का ओढत नाहीत, याचं उत्तर पाचवी-सहावीच्या गणिताने देता येतं. ४०० केव्हीच्या लाईनीवर आपल्याकडे बहुधा 'मूस' नावाची तार असते. ॲल्युमिनियमच्या ५४ आणि मधोमध पोलादाच्या ७ तारा पिळून केलेली, अंगठ्याहून जाड, मीटरला दोन किलो वजनाची. म्हणजे दोन टॉवरांमधल्या चारशे मीटरच्या गाळ्यात एका तारेचं नुसतं वजनच आठशे किलो. ती अकरा मीटर झोळ ठेवून लटकवली तर टोकांना साडेतीन टनांच्या आसपास ओढ बसते. झोळ निम्मा केला की ओढ दुप्पट. तो एका मीटरवर आणायचा म्हटलं तर ओढ चाळीस टनांवर जाईल, आणि ही तार तुटते साधारण सोळा टनांना. मग वाळत घातलेल्या धोतराच्या दोरीसारखी ती खाली येऊ द्यावी लागते. फार खाली आली तर वेगळी पंचाईत. ४०० केव्हीच्या तारेचं पोट उन्हाळ्यात, पूर्ण भारावर, तापून लांबलेलं असतानाही जमिनीपासून ८.८४ मीटरच्या वर राहिलं पाहिजे असा नियम आहे. २२० केव्हीला ७.०१५ मीटर, १३२ केव्हीला ६.१. हे आकडे कुणी मुद्दाम विचित्र केलेले नाहीत. ते मुळात फुटांत आहेत: एकोणतीस, तेवीस आणि वीस फूट. मोजमाप मेट्रिक झालं, नियम फुटांतच राहिला.

वर सोळा टन आणि खाली एकोणतीस फूट, या दोन हद्दींच्या मध्ये सगळी लाईन बसवायची असते.

तारांची ही नावंही मजेची आहेत. १३२ केव्हीला पँथर, २२० ला झेब्रा, ४०० ला मूस, खेड्यातल्या ११ केव्हीच्या लाईनीवर रॅबिट आणि वीझल. इंग्रजांनी वेगवेगळ्या जाडीच्या तारांना प्राण्यांची नावं दिली आणि आपण ती तशीच चालवली. स्टोअरवाला म्हणतो, "तीन ड्रम झेब्रा पाठवा," आणि कुणालाही हसू येत नाही.

एवढा दाब लागतो कशाला, हे थोडक्यात सांगून पुढे जातो. तीच वीज दुप्पट दाबाने पाठवली की तारेतला करंट निम्मा होतो आणि तार तापून वाया जाणारी वीज चौथ्या हिश्श्यावर येते. वीज जितकी लांब न्यायची, तितका दाब वाढवणं परवडतं. हे आपल्याकडे फार लवकर कळलं. १९०२ मध्ये म्हैसूर संस्थानात शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत जवळजवळ दीडशे किलोमीटर नेली गेली. १९१५ मध्ये टाटांनी लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खोपोलीला घाटाखाली सोडलं आणि तिथली वीज एक लाख व्होल्टने सत्तरेक किलोमीटरवरच्या मुंबईत, परळला आणली. गिरणगावच्या गिरण्या या विजेवर फिरायला लागल्या. ज्यांच्या डोक्यात ही कल्पना आधी होती ते जमशेटजी अकरा वर्षांपूर्वीच गेले होते. पुढे भिवपुरी झालं, मग मुळशीच्या पाण्यावर भिरा. मुळशीचं नाव घेतलं की तिथल्या धरणाविरुद्ध सत्याग्रह करणारे सेनापती बापट आठवतात, आणि जमीन कुणाची, वीज कुणाची हा प्रश्नही. तो आजही प्रत्येक लाईनीच्या पायाशी बसलेला आहे.

लाईनीची सुरुवात कागदावर होते. एका उपकेंद्रापासून दुसऱ्यापर्यंत आधी पट्टी लावून सरळ रेघ मारायची, मग ती मोडत जायची. इथे गावठाण आहे, इथे तलाव, इथे विमानतळाची हद्द, इथे राखीव जंगल. सोलापूरकडे माळढोकाचं अभयारण्यही टाळावं लागतं, कारण या अवजड पक्ष्याला समोरची तार वेळेत दिसत नाही. रेघ जिथे वळते त्याला अँगल पॉइंट म्हणतात, आणि प्रत्येक वळण महागात पडतं. सरळ रेषेतल्या टॉवरला तारेचं फक्त वजन पेलायचं असतं, कारण दोन्हीकडची ओढ एकमेकींना फेडते. वळणावर ती फिटत नाही. सगळ्या तारा मिळून टॉवरला आतल्या बाजूला ओढत राहतात, दिवसरात्र. म्हणून दोन अंशांपर्यंत ए टॉवर, पंधरापर्यंत बी, तीसपर्यंत सी आणि साठपर्यंत डी. जसजसं वळण वाढेल तसे पाय फाकत जातात, पोलाद वाढतं, पाया मोठा होतो.

एसटीच्या खिडकीतूनही हे ओळखता येतं. इन्सुलेटरच्या बशांची माळ सरळ खाली लोंबत असेल तर तो ए टॉवर. माळ आडवी, तारेच्या रेषेतच झोपलेली असेल आणि तिच्याखालून तारेचा एक सैल गळसर गेलेला असेल, तर लाईन तिथे वळतेय किंवा तो टप्पा तिथे संपतोय. त्या गळसराला जंपर म्हणतात. बशा मोजल्या की दाबाचाही अंदाज येतो. १३२ केव्हीला नऊ-दहा, २२० ला चौदा-पंधरा, ४०० ला तेवीसच्या आसपास. हल्ली बशांच्या जागी राखाडी रबरासारख्या एकसंध काठ्या येऊ लागल्यात, तिथे मात्र हा खेळ खेळता येत नाही.

रेघ ठरली की त्या रेघेवरून जमिनीचा उंचसखलपणा मोजतात. पूर्वी थिओडोलाइट आणि साखळी घेऊन सर्व्हेवाले रानोमाळ हिंडायचे. आता टोटल स्टेशन आहे, ड्रोन आहे. त्या मोजणीवरून जमिनीचा उभा छेद कागदावर काढतात. संगणक येण्याआधी टॉवरच्या जागा ठरवण्याची एक सुंदर पद्धत होती. पारदर्शक सेल्युलॉइडच्या पट्टीवर झोळाची वक्ररेघ कोरलेली असायची. तिच्या खाली आठ-नऊ मीटरवर तीच रेघ पुन्हा. ही पट्टी छेदाच्या कागदावर सरकवत न्यायची आणि खालची रेघ जमिनीला जेमतेम टेकेल अशा जागी टॉवरची खूण करायची. एका निवृत्त अभियंत्याच्या कपाटात मी अशी पट्टी पाहिली आहे. पिवळी पडलेली, कडा झिजलेली. आज सॉफ्टवेअर काही मिनिटांत हेच करतं, पण करतं हेच. टॉवर कुठे उभा राहील हे आधी ठरत नाही. झोळाचं पोट कुठे येतं ते बघून टॉवरची जागा ठरते.

आणि ती जागा बहुतेक वेळा कुणाच्या तरी शेतात असते.

इथे कायदा मोठा चमत्कारिक आहे. लाईनीसाठी जमीन संपादित करत नाहीत. २००३ च्या वीज कायद्याच्या १६४ कलमाने लाईन उभारणाऱ्याला १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार मिळत आले. जे अधिकार इंग्रजांना तारायंत्राचे खांब रोवायला हवे होते, तेच इथे पन्नास मीटरच्या टॉवरला लागू केले. शेतात जायचा, खांब उभारायचा, तार न्यायचा हक्क, बदल्यात नुकसानभरपाई. शेतकऱ्याने अडवलं तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो, टॉवर मात्र शेतात उभा. वर तारांखालचा पट्टाही मोकळा ठेवावा लागतो: २२० केव्हीला पस्तीस मीटर रुंद, ४०० च्या दुपदरी लाईनीला सेहेचाळीस, ७६५ ला चौसष्ट आणि पुढे. त्या पट्ट्यात घर नाही, उंच झाड नाही.

कितीतरी वर्षं भरपाई फक्त पिकाची आणि झाडांची मिळत होती. पाया खणताना एकदा, टॉवर उभारताना एकदा, तारा ओढताना एकदा, असा तीनदा पंचनामा. जमिनीचं मोल धरायला केंद्राला २०१५ उजाडावं लागलं. तेव्हाच्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जागेला किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के धरले होते. जून २०२४ मध्ये ते २०० आणि ३० टक्क्यांवर गेले. उशिरा झालं, पण झालं. तरी किंमत कुठल्या दराने धरायची यावर भांडण आहेच, आणि शेतकऱ्याचं सगळं दुखणं पैशात मावतही नाही.

त्या सकाळी शेताचे मालक बांधावर येऊन बसले होते. सत्तरीचे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. इंजिनिअर त्यांना समजावत होता, "काका, तारा ओढून झाल्या की ऊस लावा बिनधास्त. उसाला काही अडचण नाही."

"ऊस लावीन रं बाबा. बोअर कुठं घेऊ, ती सांग. गाडीचा खांब उभा केला की तुझ्या तारंला लागतोय. पाणी हाय ते नेमकं हितंच हाय."

पोरगा गप्प झाला. बोअरची गाडी तारांखाली उभी करायची नाही, हे त्यालाही पाठ होतं. "बघतो काका, वरच्या साहेबांना सांगतो," एवढंच तो म्हणाला. काकांनी तंबाखूची चिमूट लावली आणि ते पुन्हा वर बघायला लागले. कुतूहल त्यांनाही होतंच.

पाया हा या कामातला सर्वात कंटाळवाणा दिसणारा आणि सर्वात जोखमीचा भाग. आधी खड्डा खणून माती बघतात, कारण पाया मातीप्रमाणे बदलतो. मुरूम लागला तर बरं, कातळ लागला तर सुरुंग किंवा ब्रेकर, नदीकाठ असेल तर पाइलिंग. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीला मात्र अभियंत्यांनी वेगळाच रकाना दिला आहे. शेतकऱ्याला सोनं वाटणारी ही माती पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात भेगाळते. पाय ठेवला तर भेगेत जाईल, एवढी. अशा मातीवर तिची पकड धरून चालता येत नाही. म्हणून काळ्या रानातला पाया मुरमातल्यापेक्षा मोठा, जास्त सिमेंट खाणारा.

चार खड्डे, दीड पुरुष खोल. प्रत्येकात एक जाड लोखंडी कोन, त्याला स्टब म्हणतात. टॉवरचे पाय वर आत झुकलेले असतात, तेव्हा स्टबही नेमक्या त्याच तिरकसपणाने काँक्रीटमध्ये बसला पाहिजे. त्यासाठी चारही स्टब एका लोखंडी साच्याला बोल्टने जखडतात, पातळी बघतात, कर्ण मोजतात, पुन्हा मोजतात. खाली दोन-चार मिलिमीटर चुकले तर वर पन्नास मीटरवर भोकाला भोक मिळत नाही, आणि तोवर काँक्रीट दगड झालेलं असतं. काँक्रीट ओतलं की गोणपाट गुंडाळून पाणी मारत राहायचं. टॉवर चढवायला निदान पंधरवडा, तारा ओढायला महिनाभर थांबायचं. घाई करणारे असतात. त्यांचे टॉवर पहिल्या वादळात कळतात.

टॉवर स्वतः म्हणजे मुलांच्या मेकॅनोचा थोरला भाऊ. कारखान्यातून जस्ताचा मुलामा दिलेले कोन येतात, प्रत्येकावर नंबर ठोकलेला. कुठल्याही नव्या आराखड्याचा एक पूर्ण टॉवर आधी चाचणी मैदानावर उभा करून वायरदोरांनी ओढून बघतात. वाऱ्याचा जोर, तारेची ओढ, एखादी तार अचानक तुटली तर बसणारा हिसका, सगळं लावून. आपल्याकडे या धंद्याची जुनी गादी म्हणजे १९४५ साली निघालेली कमानी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन, आजची केईसी. कुर्ल्याचा 'कमानी' हा बसथांबा मुंबईकरांना माहीत असतो, नाव कशावरून आलं ते क्वचित. आता तिचं एक चाचणी केंद्र नागपूरला आहे.

टॉवर चढवणारी टोळी वेगळी. पाया खणायला गावातली माणसं मिळतात, टॉवरवर चढायला नाही. ती मालदा, मुर्शिदाबाद, झारखंड इथून येतात, काका-पुतणे, मेहुणे अशी नात्यांची बांधलेली गँगच्या गँग. क्रेन शेतात येत नाही, तेव्हा डेरिक वापरतात. हा एक लांब लोखंडी खांब. तयार झालेल्या भागाला तो दोरांनी बांधायचा, चारी बाजूंनी ताण द्यायचा, टोकाला कप्पी, खाली ट्रॅक्टर. ट्रॅक्टर पुढे गेला की कोन वर येतो. वर कमरेला पट्टा अडकवून उभी असलेली पोरं तो झेलतात, पान्याची टोकदार शेपटी भोकात घालून भोकं जुळवतात आणि बोल्ट सरकवतात. एक थर झाला की डेरिकच वर चढवायचा, आणि पुन्हा तेच. चाळीस मीटरवर असलेला एक मुलगा मला बघून हात करत होता. माझ्या पोटात गोळा आला. त्याने दुसऱ्या हाताने मोबाइल काढून फोटोही घेतला.

उभारणी संपली की वरून खालपर्यंत प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळतात आणि त्याच्या टोकावर छिन्नीने घाव घालून आटे मारतात, म्हणजे तो सुटू नये. खालच्या भागातले बोल्ट तर वेल्डिंगने बुजवतात. हे वाऱ्यासाठी नाही, भंगारवाल्यांसाठी. टॉवरचे खालचे कोन चोरीला जाणं ही या खात्याची जुनी डोकेदुखी आहे. काटेरी तारेचा पट्टा आणि कवटीची पाटी त्यानंतर येते.

आता तारा. पूर्वी तार जमिनीवरून माणसांनी आणि ट्रॅक्टरने फरफटत नेत. मोठ्या दाबाला ते चालत नाही, कारण तारेवर एक ओरखडा पडला की तिथली वीज हवेत फुटायला लागते. पावसाळी संध्याकाळी टॉवरखालून जाताना मधमाशा घोंगावल्यासारखा आवाज येतो तो याचाच. ४०० केव्हीला दोन किंवा चार तारा मिळून एक फेज करतात तेही यासाठीच. एकाच पातळ तारेपेक्षा तारांची जुडी हवेला कमी चावते.

म्हणून तार आता अधांतरीच ओढतात. टप्प्याच्या एका टोकाला टेन्शनर, दुसऱ्या टोकाला पुलर. आधी सगळ्या टॉवरवर रोलर टांगायचे. मग नायलॉनची हलकी दोरी, हल्ली बऱ्याच ठिकाणी ड्रोनने, टॉवरांवरून नेऊन टाकायची. त्या दोरीने पोलादी पायलट वायर ओढायची आणि पायलट वायरच्या टोकाला खऱ्या तारा. मूसच्या एका ड्रमवर अठराशे मीटर तार असते, साडेतीन टनांवर वजन. टेन्शनर तिला मागे धरून ठेवतो, पुलर पुढे ओढतो. दोघांच्या मध्ये तार झाडांच्या, विहिरींच्या, उसाच्या डोक्यावरून तरंगत जाते. वाटेत रेल्वे असेल तर ठरल्या तासाचा ब्लॉक, दुसरी लाईन असेल तर तिचं शटडाऊन. त्या तासासाठी महिनाभर पत्रव्यवहार.

ड्रम संपला की जोड. हा मी अगदी जवळून, गुडघ्यावर बसून पाहिला. दोन्ही टोकांचं ॲल्युमिनियम कापून आतल्या सात पोलादी तारा उघड्या केल्या. त्या पोलादी नळीत दोन्हीकडून घातल्या आणि शंभर टनी हायड्रॉलिक प्रेसने ती नळी दाबली. गोल नळी षट्‌कोनी झाली. मग तिच्यावर ॲल्युमिनियमची मोठी नळी सरकवून तीही दाबली, मधून टोकांकडे, एकेक घास घेत. सगळं झाल्यावर एक म्हातारा कारागीर कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसला आणि नळीच्या सगळ्या कडा घासून गुळगुळीत करत राहिला. बोट फिरवायचा, पुन्हा घासायचा. नवरीच्या बांगडीची कड बघावी तसा. एका गाळ्यात एका तारेला एकाहून जास्त जोड देत नाहीत, आणि रेल्वे-रस्त्यावरून जाणाऱ्या गाळ्यात एकही नाही.

त्यानंतर मी सुरुवातीला सांगितलेला थर्मामीटर, तक्ता आणि दुर्बीण. त्यातही एक खोच आहे. ॲल्युमिनियम नव्या चपलेसारखं वागतं. वर्षं गेली की ओढीने थोडं कायमचंच लांबतं. म्हणून आज तार तक्त्याहून जरा आखूड सोडतात, म्हणजे पुढे ती आपोआप हव्या त्या झोळावर येते. मग रोलर काढून क्लॅम्प. क्लॅम्पजवळ तारेला लोंबणाऱ्या डंबेलसारख्या दोन वजनांना स्टॉकब्रिज डॅम्पर म्हणतात. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या वीज कंपनीतल्या जॉर्ज स्टॉकब्रिजने ते काढले. मंद वाऱ्यात तार सतारीसारखी थरथरते आणि क्लॅम्पपाशी हळूहळू पिचत जाते. ही वजनं ती थरथर पिऊन टाकतात. सर्वात वरची बारीक तार वीज वाहायला नाही, आकाशातली वीज अंगावर घ्यायला आहे. हल्ली तिच्या पोटात ऑप्टिकल फायबर असतो.

महाराष्ट्राला या लाईनींची गरज इतर राज्यांपेक्षा जरा जास्तच, कारण कोळसा एका टोकाला आणि वीज खाणारे दुसऱ्या टोकाला. चंद्रपूरपासून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची, ५०० केव्हीची डीसी लाईन १९९९ पासून चालू आहे. दीड हजार मेगावॉट, राज्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. तिचे टॉवर ओळखायला सोपे: तारांच्या जुड्या तीनच्या पटीत नाहीत, दोन बाजूंना दोनच. आणि ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली गेली, तेव्हा दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एका ठेक्यात आलं. त्याआधी दक्षिणेशी देवाणघेवाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या डीसी दुव्यांमधून, जणू खिडकीतून व्हायची. त्या दिवसापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच पन्नास हर्ट्झ. देश विजेने जोडला गेला तो सोलापूरला, हे सोलापूरकरांनी अजून पुरेसं मिरवलेलं नाही.

मोहोळची ती लाईन मी गेलो तेव्हा अजून थंड होती. विद्युत निरीक्षकाची तपासणी, मग चार्जिंग. त्याआधी स्थानिक वर्तमानपत्रात एक चौकट येते. आपण ती कधी वाचत नाही. 'जाहीर सूचना' असा मथळा, खाली तालुकावार गावांची यादी आणि एक तारीख. त्या तारखेपासून या तारा जिवंत समजाव्यात, आधी समजल्या तरी उत्तम. तुमच्या शिवारावरून अशी लाईन गेली असेल तर टॉवरला जनावरं बांधू नका, कुंपणाची तार त्याला अडकवू नका, पोरांना पतंग काढायला वर चढू देऊ नका, बोअरची गाडी आणि उसाची उंच भरलेली ट्रॉली खालून नेण्याआधी वर बघा. आणि तारांखालचं पाचट पेटवू नका. ज्वाळा आणि धूर वर गेला की हवेचा आडोसा मोडतो आणि वीज नऊ मीटर खाली उडी मारते. पाचटाची कुट्टी करा आणि सरीतच कुजू द्या.